जावेच्या पोटी आमचं बाळ : ठाण्यातला सरोगसीचा अनुभव

आमची मुलगी ऑगस्ट २०२५मध्ये ठाण्यात जन्मली. तिला नऊ महिने पोटात वाढवलं ते माझ्या धाकट्या जावेनं. आम्ही या वाटेला लागलो तेव्हा आपल्या भागातल्या कुणी मराठीत लिहिलेलं मला काहीच सापडलं नव्हतं. कायद्याचे इंग्रजी सारांश ढीगभर होते. पण कोणत्या कागदाच्या आधी कोणता कागद लागतो, कोर्टात काय विचारतात, घरातल्या मोठ्यांना आणि लहानांना कसं सांगायचं, हे त्यात नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. कुणाचीच नावं दिलेली नाहीत. जावेला घरात सगळे धाकटी म्हणतात, इथंही तेच ठेवते. तिनं हे आधी वाचलं, तिला नको वाटलेला मजकूर खोडला आणि मग होकार दिला.

मला जन्मापासून गर्भाशय नाही. सोळाव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही, म्हणून सोनोग्राफी केली तेव्हा ते कळलं. याला एमआरकेएच सिंड्रोम म्हणतात. साधारण ४५०० ते ५००० मुलींमागे एकीला तो असतो. बीजकोश आणि संप्रेरकं व्यवस्थित असतात, गर्भाशय मात्र तयार झालेलं नसतं किंवा अगदी अपुरं असतं. काहीजणींना मूत्रपिंडही एकच असतं, तेव्हा निदान झाल्यावर ती तपासणी करून घ्यायला विसरू नका. नवऱ्याला मी दुसऱ्याच भेटीत, तलावपाळीला फेरी मारताना सगळं सांगितलं होतं. सासूबाईंना लग्नाआधी माहीत होतं. त्यामुळे आमच्या घरात लपवाछपवी कधीच नव्हती, आणि पुढच्या सगळ्या प्रकारात याचा जितका उपयोग झाला तितका कशाचाच झाला नाही.

दत्तकाचा विचार आम्ही केला होता. गर्भाशय प्रत्यारोपणाचाही केला. भारतातलं पहिलं प्रत्यारोपण २०१७मध्ये पुण्यात झालं आणि २०१८मध्ये त्यातून बाळ जन्मलं, ही बातमी मी कापून ठेवली होती. पण दोन मोठ्या शस्त्रक्रिया आणि शरीरानं तो अवयव नाकारू नये म्हणून घ्यायची औषधं, याला माझं मन धजावलं नाही. सरोगसीबद्दल मी कुणाकडे शब्द काढला नव्हता. ही गोष्ट मागायची कशी? कुणी आपणहून दिली तरच घ्यायची.

धाकटीनं ती फेब्रुवारी २०२३मध्ये आपणहून देऊ केली. ती ऐरोलीला राहते, बालवाडीत शिकवते, तिला एक मुलगा आहे. रविवारी आमच्याकडे नौपाड्यात जेवायला आली होती. भांडी आवरताना म्हणाली, “ताई, मी कायदा वाचलाय. मी त्यात बसते.” तिनं खरंच वाचला होता. सरोगेट स्त्रीचं, म्हणजे दुसऱ्यांचं बाळ पोटात वाढवणारीचं, लग्न झालेलं असावं लागतं, तिला स्वतःचं मूल असावं लागतं, प्रयोगशाळेत तयार केलेला गर्भ तिच्या गर्भाशयात ठेवायच्या दिवशी तिचं वय २५ ते ३५च्या दरम्यान असावं लागतं, आणि आयुष्यात एकदाच तिला हे करता येतं. ती तेव्हा ३३ वर्षांची होती. आमच्या बाजूनं बघायचं तर पत्नी २३ ते ५० आणि पती २६ ते ५५ या वयात हवेत, लग्न झालेलं हवं, आणि काही अपवाद सोडले तर आधीचं हयात मूल नसावं. विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीला ३५ ते ४५ या वयात एकटीनं अर्ज करता येतो.

मी लगेच हो म्हटलं नाही. धाकटीच्या अटी होत्या, त्या तिनं कागदावर लिहून आणल्या. माझ्या मुलाला सगळ्यांत आधी आणि खरं सांगायचं. माझ्या शरीराबद्दलचा शेवटचा शब्द माझा. नंतर कुणी मला ‘कसं गं दिलंस’ असं विचारलं तर उत्तर तुम्ही सगळ्यांनी द्यायचं, मी नाही. भाऊजींना तयार व्हायला पावसाळा उजाडला. ते रागावले नव्हते, गप्प होते. बायकोच्या जिवाला काही झालं तर काय, एवढा एकच प्रश्न त्यांना होता आणि तो रास्तच होता. आम्ही त्यांच्या मागे लागलो नाही. जूनमध्ये ते स्वतःच धाकटीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन बोलून आले. तुमच्याही घरी असा कुणी गप्प माणूस असेल तर त्याला वेळ द्या. त्याला ओलांडून पुढे जाऊ नका.

आता कागदपत्रं. सरोगसी (नियमन) कायदा २०२१चा, तो २५ जानेवारी २०२२ला लागू झाला आणि त्याचे नियम जून २०२२मध्ये आले. पैसे देऊन सरोगसी करायला पूर्ण बंदी आहे. सरोगेटचा औषधोपचाराचा खर्च, नियमात बसणारे इतर खर्च आणि विमा एवढंच आपण करू शकतो. पैसे देऊन सरोगसी करवून घेणाऱ्या दांपत्याला पहिल्या गुन्ह्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आमच्या वकीलबाईंनी बजावलं होतं की या काळात पाटल्या-बांगड्या, मोठी भेट, असलं काही धाकटीला करू नका. मला ते फार जड गेलं. जी बाई एवढं करते आहे तिला हातात घालायला काही द्यायचं नाही, याची टोचणी लागून राहिली. पण बंदीमागचं कारण मला पटतं. गरिबीपोटी कुणाचं शरीर भाड्यानं जाऊ नये, हे बरोबरच आहे.

पहिलं काम म्हणजे दवाखाना निवडणं. आयव्हीएफ केंद्राची, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करणाऱ्या केंद्राची, नोंदणी वेगळी आणि सरोगसी क्लिनिकची वेगळी असते. “आम्ही सगळं करतो” या बोलण्यावर जाऊ नका, सरोगसीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र डोळ्यांनी बघा. दुसरं म्हणजे सरोगेटची लेखी संमती, नमुना २. ती तिला समजणाऱ्या भाषेत घ्यायची असं कायद्यातच आहे. आम्हाला आधी इंग्रजी कागद देऊन सही कुठे करायची तेवढं दाखवलं होतं. धाकटीनं पेन खाली ठेवलं आणि मराठी प्रत मागितली. ती मिळायला काही आठवडे गेले. मग दोन संध्याकाळी तिनं ती पेन्सिल घेऊन वाचली, प्रश्न काढले, डॉक्टरांकडून एकेक समजून घेतला. गर्भ ठेवण्याआधी कोणत्याही क्षणी तिला नाही म्हणता येतं, हे तिला तेव्हा नीट कळलं आणि मलाही.

नावांचा घोळ आमच्याकडे सगळ्यांत जास्त वेळखाऊ ठरला. धाकटीचं लग्नात नाव बदललेलं. शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या नावाचं, मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव तिसऱ्याच पद्धतीनं लिहिलेलं. वयाचा पुरावा शाळेच्या दाखल्यातून आणि मूल असल्याचा पुरावा मुलाच्या जन्मदाखल्यातून द्यायचा, म्हणजे ही तिन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवावं लागतं. राजपत्रातली नावबदलाची नोंद, विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि प्रतिज्ञापत्र, यावर ते भागलं. हे काम डॉक्टरकडे जाण्याआधीच उरकून घ्या.

मग जिल्हा वैद्यकीय मंडळ. जिल्हा शल्यचिकित्सक किंवा त्या दर्जाचे अधिकारी अध्यक्ष, सोबत स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ. दांपत्याला सरोगसीची वैद्यकीय गरज खरोखर आहे, असं प्रमाणपत्र हे मंडळ देतं. गर्भाशय नसणं, काढून टाकलेलं असणं, वारंवार आयव्हीएफ फसणं, कारण न कळता वारंवार गर्भपात होणं, किंवा गरोदरपण जिवावर बेतेल असा आजार असणं, अशी कारणं नियमांत दिलेली आहेत. एक गोष्ट लक्षात घ्या. दिघा-ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतची नवी मुंबई ठाणे जिल्ह्यात येते, पण खारघर, कामोठे, पनवेल रायगडात. तुमच्या आधारवरचा पत्ता कोणत्या जिल्ह्यातला आहे ते आधी बघा, कारण मंडळ त्यावर ठरतं.

आम्ही सप्टेंबर २०२३मध्ये अर्ज केला, दिवाळीनंतर बोलावणं आलं. माझा एमआरआय, गुणसूत्रांचा अहवाल, जुनी सोनोग्राफी असं सगळं मी तारखेनुसार लावून नेलं होतं. मंडळासमोर बसले तेव्हा सोळाव्या वर्षीची ती खोली डोळ्यांपुढे उभी राहिली, जिथं सगळे माझ्याबद्दल आईशी बोलत होते आणि माझ्याशी कुणीच नाही. या वेळी डॉक्टर माझ्याशी बोलले. “तुम्हाला हे कधी कळलं? तुम्ही काय ठरवलं आहे?” असं विचारलं. प्रमाणपत्र हातात आल्यावर मी बाहेरच्या बाकावर बसून रडले, आणि नवऱ्यानं मला तसं बसू दिलं.

धाकटीच्या शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीची प्रमाणपत्रं त्याच सुमारास झाली. मानसोपचारतज्ज्ञांनी तिला विचारलं, बाळ दिल्यावर काय वाटेल? ती म्हणाली, “ते आत्ता सांगता येणार नाही. पण बाळ कुठं आहे, कसं आहे, हे मला रोज कळेल. ते कुठं गेलं हे न कळण्याची भीती मला नाही.” नात्यातल्या बाईनंच सरोगेट व्हावं असं बंधन कायद्यात नाही, इच्छुक स्त्री हवी एवढंच आहे. पण आमच्यापुरतं हे उत्तर नात्यामुळेच देता आलं.

कोर्टाचा भाग लोकांना सगळ्यांत जास्त घाबरवतो, म्हणून जरा थांबून लिहिते. बाळ जन्माच्या आधीच, खरं तर गर्भ ठेवायच्याही आधी, प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून पालकत्वाचा आणि ताब्याचा आदेश घ्यावा लागतो. आम्ही दोघं आणि धाकटी मिळून अर्जदार. हाच आदेश पुढे बाळाच्या जन्माचं शपथपत्र ठरतो. आधीच कशाला, असं मी विचारलं तेव्हा वकीलबाईंनी २००८चं बेबी मांजी प्रकरण सांगितलं. जपानी दांपत्यासाठी गुजरातेत आणंदला सरोगसी झाली, बाळ जन्मायच्या आधीच नवरा-बायको विभक्त झाले, आणि जन्मल्यावर त्या मुलीला कुणाची म्हणायचं याचा पत्ता लागेना. प्रवासाची कागदपत्रं मिळेनात, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि शेवटी काही महिन्यांनी ती आजीबरोबर जपानला गेली. तेव्हा असा कायदाच नव्हता. ते ऐकल्यावर आधी आदेश घेण्याबद्दल मला शंका उरली नाही.

जानेवारी २०२४मध्ये अर्ज दाखल केला. मग तारखा. लोकसभेची निवडणूक मध्ये आली. कोर्ट नाक्याला सकाळी लवकर पोचायचं, बोर्डावर आपला नंबर बघायचा, जेवणाच्या सुटीनंतर पुकारा होईल असं धरून चालायचं. पाण्याची बाटली आणि डबा जवळ ठेवा. मूळ कागद एका फायलीत, झेरॉक्स दुसऱ्या फायलीत. आमची सुनावणी झाली तेव्हा न्यायाधीशांनी धाकटीला पुढे बोलावलं आणि मराठीत विचारलं, कुणी जबरदस्ती केली आहे का, पैसे देतो म्हणाले आहेत का, हे मूल तुमच्याजवळ राहणार नाही हे ठाऊक आहे का. तिनं तिन्हींची उत्तरं सावकाश दिली. शेवटच्याला म्हणाली, “जवळ राहील, साहेब. पुतणी म्हणून राहील, नाहीतर पुतण्या म्हणून.” उन्हाळी सुटीच्या तोंडावर आदेश मिळाला. प्रमाणित प्रती भरपूर घ्या, पुढे पावलोपावली लागतात. वकिलांची फी आणि कागदांचा खर्च मिळून आम्हाला साठ-सत्तर हजार लागले.

विमा घ्यायला आम्ही कोर्टाच्या तारखा चालू असतानाच सुरुवात केली होती. सरोगेटच्या नावानं ३६ महिन्यांचं विमाकवच लागतं, गरोदरपणातली आणि बाळंतपणानंतरची गुंतागुंत त्यात आली पाहिजे. शिवाय दांपत्याला हमीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. एका एजंटबरोबरचं संभाषण धाकटीनं आपल्या वहीत जसंच्या तसं उतरवून ठेवलं आहे.

“गरोदर कोण आहे?”

“अजून कुणीच नाही.”

“मग होणार कोण?”

“मी.”

“आणि आई?”

“या.”

“मॅडम, म्हणजे मुलाला दोन आया?”

“नाही. एक आई, एक काकू.”

घरी येऊन ती म्हणाली, “ताई, यावर एक विनोदी कादंबरी होते बघ. मी लिहिणार.” ती वही तिनं खरंच सुरू केली आणि पुढच्या दीड वर्षात ती भरत गेली. कचेऱ्यांतली वाक्यं, शेजारणींचे प्रश्न, सासूबाईंची उत्तरं, सगळं त्यात आहे. ताणाच्या दिवसांत आम्ही दोघी फोनवर त्यातलं वाचून पोट धरून हसलो आहोत. तिची कादंबरी पूर्ण व्हावी असं मला मनापासून वाटतं, कारण हे सगळं आतून पाहिलेली ती आहे आणि तिला माणसांचा राग येत नाही. तीन वर्षांचा विम्याचा हप्ता साठ हजारांच्या घरात गेला. एजंटला ‘सरोगसी’ हा शब्द पॉलिसीच्या कागदात दाखवायला सांगा. तोंडी आश्वासनावर थांबू नका.

मंडळाचं प्रमाणपत्र, कोर्टाचा आदेश आणि विमा हे तीन जमल्यावर राज्याच्या समुचित प्राधिकाऱ्याकडून, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या यंत्रणेकडून, आवश्यकता प्रमाणपत्र मिळतं, आणि दांपत्य व सरोगेट यांची पात्रता प्रमाणपत्रं वेगळी. आमची जुलै २०२४च्या अखेरीला आली. धाकटीला जानेवारीत ३५ पूर्ण होणार होती आणि डॉक्टरांनी त्याआधीच सगळं व्हायला हवं असं सांगितलं होतं. त्या वर्षी मी दिनदर्शिका उलटत बसायची.

ऑगस्टमध्ये माझी इंजेक्शनं आणि स्त्रीबीजं काढणं झालं. एमआरकेएचमध्ये बीजकोश कधी कधी नेहमीपेक्षा वर असतात. माझा एक तसा होता, म्हणून पोटावरून सुई घालावी लागली. आठवडाभर दुखलं. गर्भ गोठवून ठेवले. सरोगसीत बाळाचा इच्छुक दांपत्यापैकी किमान एकाशी जैविक संबंध असावाच लागतो. फेब्रुवारी २०२४च्या दुरुस्तीनंतर दोघांपैकी एकाला वैद्यकीय अडचण असेल तर मंडळाच्या प्रमाणपत्रावर दात्याचं बीज घेता येतं. आम्हाला ती गरज पडली नाही. सरोगेटचं स्वतःचं बीज मात्र कोणत्याही परिस्थितीत चालत नाही.

सप्टेंबरअखेर पहिल्यांदा ठेवलेला गर्भ रुजला नाही. दोन आठवड्यांनी रक्ततपासणीचा आकडा आला आणि धाकटी मला “सॉरी ताई” म्हणाली. मला ते सहन झालं नाही. तिनं कशाची माफी मागायची? त्याच संध्याकाळी ठाणे स्टेशनवरून ऐरोलीची गाडी पकडून मी तिच्याकडे गेले, पिठलं-भात केला, बाळाबद्दल एक अक्षर काढलं नाही. कायद्यानं जास्तीत जास्त तीन प्रयत्न करता येतात आणि सहसा एका वेळी एकच गर्भ ठेवतात. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा ठेवला, तो रुजला.

गरोदरपणाबद्दल वैद्यकीय असं फार लिहिण्यासारखं नाही, सगळं सुरळीत झालं. सोनोग्राफीच्या वेळी गरोदर बाई म्हणून फॉर्मवर नाव धाकटीचंच लागतं. प्रमाणपत्रांच्या प्रती बरोबर ठेवल्या तर खिडकीवर समजावत बसावं लागत नाही. अठरा-वीस आठवड्यांच्या तपासणीत मी तिच्या शेजारी उभी होते. पडद्यावर बाळाचा कणा दिसला. धाकटीनं माझा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला आणि डॉक्टर म्हणाल्या, राहू दे, मी दुसऱ्या बाजूनं बघते.

पुतण्याला आम्ही तिसऱ्या महिन्यानंतर सांगितलं. काकूच्या पोटात बाळाची खोली बांधलेलीच नाही, म्हणून बाळ तुझ्या आईच्या खोलीत राहतंय आणि मोठं झालं की काकूकडे येईल. पाच वर्षांच्या मुलाला एवढं पुरलं. त्यानं ते शाळेत सांगितलं, बाईंनी धाकटीला बोलावून घेतलं, आणि ऐकल्यावर त्यांनी त्याच वर्गात सगळ्या मुलांना ‘कुटुंब’ या विषयावर चित्र काढायला दिलं. त्याच्या चित्रात दोन घरं आणि मध्ये रेल्वे आहे. मात्र काही रात्री त्यानं आईला विचारलं, “मलापण देणार का कुणाला?” हा प्रश्न येणारच असं समजून चाला. भाऊजी त्याला रोज रात्री झोपताना सांगायचे, तू आमचा, तू इथंच. त्यात त्यांनी कधी खंड पडू दिला नाही.

मे महिन्यात डोहाळजेवण झालं. कुणाचं करायचं यावर नातेवाइकांत बरीच चर्चा झाली. एका वयस्कर बाईंचं म्हणणं होतं की मोठीची ओटी भरण्यात अर्थ नाही. सासूबाई म्हणाल्या, “माझ्या दोन सुना आहेत, दोघींची भरणार.” हिरवी साडी आणि फुलांचे दागिने धाकटीला, तिच्या आवडीच्या आंबेडाळ-पन्ह्याचा बेत, आणि दोन पाट शेजारी शेजारी. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या घरात पूर्ण बसले असं मला वाटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, कुणी कधी वाईट बोललं नव्हतं, तरी ओटीच्या कार्यक्रमांत मी नेहमी स्वयंपाकघरात काम काढून राहायची.

प्रसूती श्रावणात झाली, नॉर्मल झाली, मी आत होते. तिथल्या एका कर्मचाऱ्यानं जन्मनोंदणीच्या कागदावर आई म्हणून धाकटीचं नाव लिहिलं होतं. तो कागद महापालिकेकडे जाण्याआधी मागून बघितला म्हणून कळलं. कोर्टाच्या आदेशाची प्रमाणित प्रत दाखवल्यावर त्यांनी दुरुस्त केलं. हे अगदी पक्कं लक्षात ठेवा: नोंदणीचा नमुना पाठवण्याआधी स्वतः वाचा. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, आणि १ ऑक्टोबर २०२३नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून बऱ्याच ठिकाणी जन्मदाखला हाच मुख्य पुरावा आहे, तेव्हा नंतर दुरुस्तीसाठी फेऱ्या मारण्यापेक्षा तिथंच दहा मिनिटं थांबलेलं बरं. सरोगसीतून जन्मलेलं मूल कायद्यानं आपलं जैविक अपत्यच मानलं जातं, सगळे हक्क तेच.

माझ्या कंपनीत रजेचा प्रश्न आला होता. तेव्हा लागू असलेल्या मातृत्व लाभ कायद्यात (नोव्हेंबर २०२५मध्ये त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली) २०१७च्या दुरुस्तीनं सरोगसीतून आई होणाऱ्या, म्हणजे स्वतःचं बीज दिलेल्या स्त्रीला बाळ ताब्यात आल्यापासून १२ आठवडे रजा होती. कलम ५(४). मी त्या पानाची प्रत अर्जाला जोडली आणि रजा मंजूर झाली. प्रसूतीच्या बऱ्याच आधी अर्ज द्या.

आता जे लिहायला मी मुख्यतः बसले ते. बाळ कुणाचं, हे कोर्टानं, मंडळानं आणि दाखल्यानं नीट ठरवून दिलं. बाळ दिल्यानंतर त्या बाईचं काय, हे कुठल्याच कागदात नाही. दवाखान्यात येणारा प्रत्येक माणूस पाळण्याकडे जायचा. धाकटी खाटेवर पडून असायची आणि तिला कुणी “तू कशी आहेस” म्हणत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी दारातच लोकांना सांगायला सुरुवात केली, आधी हिला भेटा, मग बाळ बघा.

चीक पाजायचा की नाही हे आम्ही समुपदेशकांशी बोलून आधीच ठरवलं होतं. काहीजणी अजिबात पाजत नाहीत, त्यांचंही बरोबर आहे. धाकटीनं दवाखान्यातले दिवस पाजायचं ठरवलं. माझं दूध यावं म्हणून औषध आणि पंप चालू होता, थोडं आलं, पुरेसं नाही, पुढं वरच्या दुधावर गेलो. दवाखान्यातून ती तिच्या घरी ऐरोलीला गेली आणि बाळ आमच्याकडे. तिची आई गावाहून आली. शेक-शेगडी, मालिश करणाऱ्या बाई, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, जे पहिल्या बाळंतपणात झालं ते सगळं या वेळीही झालं. बाळ जवळ नाही म्हणून बाळंतीण कमी होत नाही. दूध साचून तिला ताप आला, डॉक्टरांना दाखवावं लागलं. हे होऊ शकतं हे आधीच विचारून ठेवा.

नवव्या-दहाव्या दिवशी तिचा फोन आला. “बाळ हवंय असं नाही, ताई. पोट रिकामं वाटतंय.” मी काही समजावलं नाही. बाळाला सासूबाईंकडे ठेवून तिच्याकडे गेले, ती बोलली, रडली, झोपली. पुढे काही महिने ती समुपदेशकांकडे जात होती. ती फी आम्ही औषधोपचाराच्या खर्चात धरली, पावत्या फायलीत आहेत. बारशाला ती आली. “गोविंद घ्या, गोपाळ घ्या” म्हणताना पाळण्याच्या एका बाजूला ती होती, दुसऱ्या बाजूला मी. नाव कानात सांगितलं आत्यानं, नेहमीच्या रीतीनं. त्यानंतर आठवड्यानं गणपती आले.

सगळा मिळून खर्च आठ लाखांच्या आत-बाहेर झाला. त्यात दवाखाना आणि औषधं निम्म्याहून जास्त, प्रसूतीचे सव्वा लाख, बाकी कागद, विमा, तपासण्या, धाकटीचा आहार आणि प्रवास. प्रत्येक पावती तारखेसकट जपली आहे, कारण दिलेला पैसा कशाचा होता हे दाखवता आलं पाहिजे.

धाकटी जानेवारीपासून पुन्हा बालवाडीत जाते आहे. रविवारी येते, पुतणीला मांडीवर घेते, आणि कंटाळा आला की माझ्याकडे देऊन टाकते. तिची पॉलिसी २०२७च्या मध्यापर्यंत चालू आहे. ज्यांनी विमा काढला आहे त्यांनी कार्ड आणि पॉलिसीची प्रत सरोगेटच्याच हातात द्यावी. अचानक दवाखान्यात जायची वेळ आली तर तिला आपल्याला फोन करून विचारत बसायला लागू नये.